पाच हजार रोपं आणण्याआधी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातले राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी विचारतात: "आमच्या दत्तक गावाच्या ग्रामसभेला २३० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आहे. जंगल बरंच विरळ झालंय. आमचे ५० विद्यार्थी श्रमदानाला तयार आहेत. एक देणगीदार ५,००० रोपं द्यायला तयार आहे. जुलैमध्ये लागवड आणि जानेवारीत सात दिवसांचं विशेष शिबिर असं डोक्यात आहे. कोणती झाडं लावावीत, खड्डा केवढा घ्यावा, नियोजन कसं करावं?"

सर, खड्ड्याचं माप आधी सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. आता तो खड्डा निदान यंदा तरी खोदू नका.

हे मी स्वतः हात पोळल्यावर सांगतोय. या कामाला नुकतीच सुरुवात केली होती तेव्हा आम्हीही एका कॉलेजची पोरं घेऊन एका गावच्या जंगलात शिरलो होतो. 'मोकळी' जागा बघून चुन्याने खुणा केल्या आणि सब्बल-फावडी चालू झाली. दुपारी सरपणाला निघालेल्या एक आजी थांबल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "का जी मास्तर, झाडं लावाले आले का झाडं तोडाले?" मला कळेना. त्यांनी खड्ड्यातून बाहेर फेकलेला एक काळा, वेडावाकडा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. तेंदूचं मूळ. मनगटाएवढं जाड. वर जमिनीला टेकलेला जेमतेम वीतभर फुटवा होता, चार पानांचा; आम्ही तो तण समजून कापला होता. त्या 'मोकळ्या' जागेत आम्ही दिवसभरात असे किती तुकडे बाहेर काढले असतील, देव जाणे. रोपं लावली, फोटो काढले, पेपरात बातमी आली. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन बघितलं तर बहुतेक रोपांच्या काड्या झालेल्या. आणि खड्ड्यांच्या मधल्या जागेत, जिथं आमचं फावडं पोचलं नव्हतं तिथं, तेंदूला गुडघाभर फुटवे आले होते.

आपल्याकडचं जंगल असंच आहे. साग, तेंदू, धावडा, ऐन, पळस ही झाडं तुटली, जळली, गुरांनी खाल्ली तरी लवकर मरत नाहीत. वरचा शेंडा दरवर्षी वाळतो, पण खाली मूळ जाड होत राहतं. अशी पाच-दहा वर्षं जमिनीत दबा धरून बसलेली मुळं एका हेक्टरात शेकड्यांनी सापडतात. रोपवाटिकेतल्या पिशवीतल्या रोपाचं मूळ असतं पेन्सिलीएवढं. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत या दोघांतलं कोण तगेल, हे सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

जरा हिशेबही करून बघा. तीन बाय तीन मीटरवर लावलं तर ५,००० रोपांना साडेचार हेक्टर जागा लागते. तुमचं जंगल २३० हेक्टरचं. म्हणजे देणगीदार, ट्रक, पोरं, खड्डे, पाहुणे ही सगळी धावपळ दोन टक्के जागेसाठी. उरलेल्या सव्वादोनशे हेक्टरांचं काय होणार हे दोन गोष्टींवर ठरतं: मार्च ते मे तिथं आग लागते का, आणि पावसाळ्यात तिथं गुरं-शेळ्या किती शिरतात. महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी असे लागवडीचे चढते आकडे पाहिले. आकड्यांशी माझं भांडण नाही. पण आकडा खड्ड्यांचा असतो, आणि जंगल मोजायचं ते चौथ्या उन्हाळ्यानंतर.

मग ५० पोरांनी करायचं काय? भरपूर आहे. पण त्याआधी एक वेळ पोरांना न घेता एकट्याने गावात जा. शक्यतो संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. सामूहिक वनहक्क मिळाला म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे आलं. त्यासाठी नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभेची एक समिती असते. कागदावर असते, हेही सांगून ठेवतो. काही गावांत समितीच्या सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. ती समिती आहे का, तिने आराखडा केलाय का, जंगलाच्या कोणत्या भागात काय करायचं ठरलंय, हे विचारा. आराखडा नसेल तर तुमचं पहिलं वर्ष त्याला हातभार लावण्यात जाऊ द्या. सरपंचाशी बोललो म्हणजे ग्रामसभेशी बोललो असं धरू नका. विशेषतः बायकांशी बोला. जंगलात रोज त्या जातात. कुठल्या नाल्यात पाणी कधीपर्यंत टिकतं आणि कुठला मोह लवकर फुलतो, हे त्यांना ठाऊक असतं. आणि गायकीला, म्हणजे गावच्या गुराख्याला, विसरू नका. तुम्हाला 'मोकळी' दिसते ती जागा बहुतेक वेळा गुरांचा आखर (गुरं जमवायची, बसवायची जागा) असते, नाहीतर गवत कापायची जागा. ती जागा बंद केली तर तो गुरं कुठं नेणार, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर कुंपण रात्रीतून मोडतं. मोडणाऱ्याचं चुकतं असंही मी म्हणणार नाही.

मजुरीचा मुद्दा थोडा कडू आहे. चर खणणं, बांध घालणं, रायमुनिया (पुस्तकात जिला घाणेरी म्हणतात ती) उपटणं ही कामं रोजगार हमीतून निघू शकतात. जानेवारी ते मे शेतात काम नसतं, तेव्हा गावाला हीच मजुरी हवी असते. तुमची पोरं सात दिवसांत फुकट बांध घालून गेली की हजेरीपटावरचे तेवढे दिवस कमी झाले. एका गावात मला हे तोंडावर ऐकवलंय: "तुमच्या पोट्ट्यायचं शिबिर झालं, आमची हप्त्याची मजुरी गेली." तेव्हापासून आमचा नियम आहे. ज्या कामाला मजुरी निघू शकते ते गावाने मजुरी घेऊन करावं. श्रमदान करायचं ते मस्टरवर न येणाऱ्या कामात.

अशा कामांत माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम आगीचं आहे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. आपल्याकडची आग आभाळातून पडत नाही. एक, मोहाखालचा पाला जाळतात, फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून. दोन, तेंदूला कोवळी पानं जास्त यावीत म्हणून. तीन, विडी. मोहाखालची आग लावणाऱ्या बाईला दोष देऊन काही होत नाही. पहाटे चारला उठून, वाघ-अस्वलाच्या धाकात ती फुलं वेचते. पाल्यात फूल सापडलं नाही तर तिचा दिवस बुडतो. तिला पर्याय दिला तर आग थांबते. फेब्रुवारीच्या शेवटी, फुलं गळायच्या आधी, प्रत्येक मोहाखालचा पाला झाडून बाजूला ओढायचा. जाळायचा नाही. एका झाडाला दोन पोरांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पन्नास पोरं दोन रविवार आली तर लहान गावचे सगळे मोह झाडून होतात. किती मोह, कोणाचा कोणता, हे गावात ठरलेलं असतं, तेव्हा झाडणाऱ्या टोळीत त्या घरचं माणूस घ्याच. मोहाचं झाड जंगलात उभं असलं तरी त्याला मालकीण असते.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, हे जानेवारीच्या शिबिराचं काम. वनविभाग आपल्या रेषा काढतो, पण गावाकडून जंगलात शिरणाऱ्या पायवाटा आणि बैलगाडीच्या वाटा तशाच राहतात, आणि आग बहुतेक वेळा तिथूनच आत जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन मीटर गवत कापून, पाला झाडून घ्या. कापलेलं गवत गावाला द्या, वैरणीला जाईल. मार्च-एप्रिलमध्ये पाला पुन्हा गळतो, म्हणून रेषा पुन्हा झाडावी लागते. हे काम शिबिराच्या फोटोत येत नाही म्हणून राहून जातं. आग विझवायला मात्र पोरांना पाठवू नका. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणं दिसतं सोपं, पण उतारावर वारा फिरला की धूर तोंडावर येतो. ते काम गावच्या अनुभवी माणसांचं आणि वनमजुरांचं. आग दिसली की वनरक्षकाला फोन करायचा, पोरांसाठी एवढंच.

दुसरं काम रायमुनियाचं. काट्यांची जाळी, लाल-पिवळी फुलं, त्याखाली गवताचं पातंसुद्धा नाही. हे मजुरीनेही होतं, पण पद्धत कळली नाही तर मजुरीही वाया आणि श्रमदानही. म्हणून पोरांनी एक लहान तुकडा, अर्धा एकर समजा, गावासोबत करून बघावा. विळ्याने गुडघ्यावरून कापली तर पुढच्या पावसाळ्यात एका खोडाला दहा फुटवे येतात. तुम्ही तिची छाटणीच केलेली असते. ओढून उपटायला गेलं तर ती वरच्या वर तुटते. करायचं ते असं: बुंध्याभोवतीच्या बाहेरच्या फांद्या आधी कापून उभं राहायला जागा करा. मग खोडाजवळची माती थोडी उकरा. जमिनीखाली तीन-चार इंचांवर मुख्य मूळ दिसेल, तिथं कुदळीच्या पात्याने आडवा घाव घाला. वरच्या भागातून फूट येते, खालच्या मुळातून येत नाही. खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या जोडाच्या खाली घाव बसला पाहिजे, सगळी मेख तिथं आहे. मग अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे, नाहीतर पावसात तीच मुळं माती धरतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रुजवली. तोडायचं काम पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच करा, माती मऊ असते आणि फळं पिकायच्या आत उरकतं. काळी फळं धरलेली झुडपं ओढत नेऊ नका, वाटभर पेरणी होते.

आणि सुरुवात दाट जाळीपासून करू नका. सगळ्यांचा जोर तिथंच असतो, फरक डोळ्यांना दिसतो ना. पण जिथं झुडपं तुरळक आहेत तिथून आत यायचं. कमी कष्टात जास्त जागा मोकळी राहते. साफ केलेल्या जागेत पुढची दोन वर्षं पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपं उगवतात, ती हाताने उपटता येतात. यासाठी तुमचा एक रविवार पुढच्या वर्षीच्या आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात आत्ताच लिहून ठेवा. उघड्या जमिनीवर गवताचं बी टाका: मारवेल, पवना, जे तुमच्याच जंगलात आहे ते. पोरांनी नोव्हेंबरात ते बी गोळा केलं तर पोत्यागणिक होतं. गवत आलं की गुरांच्या चाऱ्याचा प्रश्नही थोडा हलका होतो, आणि गायकी तुमच्या बाजूला येतो. दाट जाळीत हात घालायच्या आधी मात्र डबे वाजवा. आत रानडुक्कर निघतं, कधी अस्वल.

वाघाबद्दल वेगळं सांगतो. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल हा सगळा वाघांचाच पट्टा आहे, तुमचं गाव त्यातच असणार. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर जंगलात थांबायचं नाही. दहा-दहाचे गट, प्रत्येक गटात गावातली दोन माणसं. वाकून काम करणाऱ्यांपैकी एक जण कायम उभा राहून आजूबाजूला बघत राहील. माणूस वाकला की वाघाला तो माणूस वाटत नाही असं म्हणतात, आणि मोह वेचताना झालेले हल्ले बघता मला ते खरं वाटतं. त्या भागात वाघाचा वावर कुठं आहे ते आदल्या दिवशी वनरक्षकाला विचारा. त्याने नको म्हटलं तर शिबिराचा दिवस बदला. साप चावला तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक हे काहीही नको. हात-पाय हलवू न देता १०८ वर फोन आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय. सर्पविषावरचं औषध तिथं आहे ना, हे शिबिराआधीच विचारून ठेवा. चपला घालून आलेल्या पोराला परत पाठवा, मग तो कितीही हुशार असो.

पावसाळ्यात बांबूच्या बेटात पोरं सोडू नका, एवढं ऐका. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतून वास्ते फुटतात, बांबूचे कोवळे कोंब. पायाखाली एक मोडला की पुढच्या तीन वर्षांनंतरचा एक बांबू गेला. ज्या गावाचं पोट बांबूवर आहे तिथं हे नुकसान रुपयांत मोजतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना तिच्या हाती आला. तुमच्याच जिल्ह्यातलं पाचगाव बघा, गोंडपिपरी तालुक्यातलं. हजारेक हेक्टरचा हक्क २०१२ मध्ये मिळाला. त्यांनी बांबू विकायचा ठरवला आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. तेंदूचा हातात येणारा पैसा सोडणं म्हणजे काय, हे तेंदूवर वर्ष काढणाऱ्या गावालाच कळेल. प्रत्येक गावाने तसंच करावं असं मी म्हणत नाही. काही गावांना ते परवडणारच नाही. पण पोरांना एकदा पाचगावला घेऊन जा. अमरावतीकडचं पायविहीरही दाखवण्यासारखं आहे, अचलपूर तालुक्यात. १९२ हेक्टरच्या उजाड टेकड्यांवर त्या गावाने जंगल पुन्हा आणलं आणि तिथली सीताफळं मुंबईत विकली.

बी.कॉम.ची पोरं आहेत का तुमच्याकडे? असतील तर ती सगळ्यात आधी पाठवा. हसू नका. तेंदू-बांबू विकणाऱ्या ग्रामसभेला कॅशबुक लागतं, पॅन लागतो, ऑडिट लागतं, ठरावाची वही नीट लागते. मी जंगल सुधारलेलं पण हिशेबात भांडणं लागून कोलमडलेलं गाव पाहिलंय. दोन पोरं महिन्यातून एकदा येऊन गावातल्या एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलीला कॅशबुक लिहायला शिकवतील, तर ते श्रमदान शंभर खड्ड्यांना भारी आहे. लिहायचं मात्र त्या मुलीने. तुमच्या पोरांनी नाही.

सायन्सच्या पोरांसाठी मोजणी. जंगलाच्या वेगवेगळ्या भागांत दहा बाय दहा मीटरचे दहा-बारा चौकोन आखा, कोपऱ्यांना दगड रचून रंग द्या. आत काय काय आहे ते लिहा: मोठी झाडं किती, छातीएवढे फुटवे किती, वीतभर फुटी किती, कुठल्या जातीच्या. नावं गावातल्या माणसाला विचारून गावाच्याच बोलीत लिहा. एका चौकोनाच्या आकड्याला १०० ने गुणलं की हेक्टरी आकडा येतो. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच कोपऱ्यात उभं राहून एक फोटो. एका चौकोनात चराईबंदी, शेजारच्यात नाही, असं गावाने मान्य केलं तर दोन वर्षांत जो फरक दिसेल तो तुमच्या कुठल्याही भाषणापेक्षा ग्रामसभेत जास्त बोलेल. फुटव्यांची निवडही याच मोजणीतून पुढे येते: एका खुंटाला आठ-दहा फुटवे आले असतील तर दोन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे हिवाळ्यात काढायचे. कोणते काढायचे ते गावाने ठरवायचं आणि काढलेलं गावाच्या सरपणाला. साग असेल तर समितीने वनविभागाशी आधी बोलून घ्यावं, नंतर वाद नको.

लावायचंच नाही का काही? लावा, जिथं खाली मूळच उरलेलं नाही तिथं. जुनी मुरमाची खाण, अतिक्रमण सोडवलेलं वावर, रस्त्याची भर, अशा जागा गाव दाखवेल. तिथं पिशवीतल्या रोपापेक्षा बी बरं. मोहाचे टोळ, म्हणजे फळं, जूनच्या मध्यापासून पडतात. त्यांचं बी साठवून टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत जीव जातो, म्हणून ताजं असतानाच काटेरी झुडपाच्या आडोशाला दोन बोटं खोल टोचा. बेहडा, आवळा आणि चार (चारोळीचं झाड) हेही. चाराचं बी मिळेल का ते बघा. हल्ली फळ पिकायच्या आतच फांदीसकट ओरबाडतात, जंगलात बी पडतच नाही. तोडणीची तारीख ग्रामसभेने ठरवली तर चाराची नवी रोपं आपोआप दिसायला लागतात. साग लावू नका, तो आहेच.

तर यंदाचं असं करा: जूनमध्ये गावात दोन बैठका, जूनअखेर टोळ टोचायला वीस पोरं, सप्टेंबरात रायमुनियाचा अर्धा एकर, नोव्हेंबरात गवताचं बी, जानेवारीच्या शिबिरात चौकोनांची मोजणी आणि जाळरेषा, फेब्रुवारीच्या शेवटी मोहाखालचा पाला. शिबिराच्या समारोपाला पाहुणे बोलवण्याऐवजी मोजणीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा, विद्यार्थ्यांनीच, आणि गावाला चुका काढू द्या. निघतील.

देणगीदाराचं मन मोडू नका. त्यांना म्हणा, रोपांऐवजी वीस कुदळी, वीस सब्बल, पन्नास जाड हातमोजे आणि पाला उडवायचे दोन ब्लोअर द्या, ते ग्रामसभेच्या नावावर राहतील. रोपं आधीच बुक केली असतील आणि त्यात गुलमोहर असेल (असतोच), तर ती कॉलेजच्या आवारात लावा. पाण्याचा नळ तिथं जवळ आहे.